जर्सीचा क्रमांक खेळाडूचा की जागेचा?

रेषेपलीकडे:
‘क्रमांकांचे नियम हा निव्वळ सोपस्कार होता, २०२१ साली एनएफएलने, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने, ते सैल केले हे उत्तम झाले,’ असे काल इथे कोणी लिहिले. ते वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो. १९७३च्या नियमाने १ ते १९ क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) आणि किकर (लाथाडणारा), २० ते ४९ दोन्ही बाजूंचे बॅक (रेषेमागचे खेळाडू), पन्नाशीत सेंटर (चेंडू मागे देणारा) आणि लाइनबॅकर (बचावात रेषेमागे उभा राहणारा), साठी-सत्तरीत लाइनमन (चेंडूच्या रेषेवर भिडणारे) आणि ऐंशीत रिसीव्हर (झेल घेणारे) अशी घडी बसवली होती. माझे वडील साताऱ्याहून प्रथम न्यू जर्सीला आले, तेव्हा दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागे मी त्यांना ती लिहून दिली होती. पान गुडघ्यावर ठेवून ते सामना पाहत, आणि तिसऱ्याच रविवारी त्यांनी विचारले, ‘हा ७४ प्रत्येक वेळी पंचाला काय सांगून येतो?’ (लाइनमनला झेल घ्यायचा तर आधी पंचाकडे तशी नोंद करावी लागते.) ज्याला खेळाची इंग्रजी परिभाषा येत नव्हती, त्याला क्रमांकांनी खेळ शिकवला. आता लाइनबॅकरच्या पाठीवर ५ दिसतो आणि ते पान निरुपयोगी झाले आहे. कोणाला अडवायचे हे ओळखणे अवघड होईल, असे खुद्द क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीनेही तेव्हा जाहीरपणे सांगितले होते.

सत्त्याहत्तर:
वडिलांची आठवण मनाला भिडली, पण मुद्दा पटला नाही. आपली घडी सनातन नाही. जुन्या काळचा रेड ग्रेंज हाफबॅक (चेंडू घेऊन धावणारा) असूनही ७७ घालून अजरामर झाला. क्लीव्हलँडचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम ६० घालत असे. जागेनुसार क्रमांक देण्याच्या १९५२च्या नियमामुळे त्याला १४ घ्यावा लागला, त्याच्याच संघाचा फुलबॅक मोटली ७६वरून ३६वर गेला आणि एंड (रेषेच्या टोकाचा, झेल घेणारा) लावेली ५६वरून ८६वर. नाव कमावलेल्या माणसांच्या पाठीवरचे क्रमांक एका कागदाने पुसले गेले. १९८७मध्ये लाइनबॅकर बॉसवर्थला सिअ‍ॅटलमध्ये ४४ मिळाला नाही, ५५वर समाधान मानावे लागले. माझा मुलगा शाळेत चार वर्षे लाइनबॅकर म्हणून ८ घालून खेळला. खांदा निखळला तेव्हा रुग्णालयात जर्सी कात्रीने कापावी लागली. त्या ८चे दोन तुकडे त्याच्या आईने हाताने शिवून जपून ठेवले आहेत. तो क्रमांक जागेचा होता, असे तिला सांगून पाहा.

सिंगल विंग:
क्रमांकांवरून भांडता, पण खोटी तर जागांची नावेच आहेत. क्वार्टर, हाफ आणि फुल ही नावे रेषेपासून किती मागे उभे राहायचे यावरून पडली. आय रचनेत (बॅक एकामागे एक) फुलबॅक हाफबॅकच्या पुढे उभा असतो. सिंगल विंग या जुन्या रचनेत क्वार्टरबॅक मुख्यतः अडवण्याचे काम करी. १९४०मध्ये टी रचनेच्या (क्वार्टरबॅक सेंटरच्या लगेच मागे) बळावर शिकागो बेअर्सनी वॉशिंग्टनला ७३-० असे धुतले, तेव्हापासून सगळेच पालटले. नावे मात्र जिथल्या तिथे राहिली.

रेषेपलीकडे:
कुलकर्णी आज गावाचे दप्तर लिहीत नाहीत आणि देशमुख परगणा सांभाळत नाहीत, म्हणून त्यांची आडनावे बदलायची का? नाव टिकते, काम बदलते.

सिंगल विंग:
हा दाखला इथे लागू पडत नाही. आडनावावरून कोणाचा पगार ठरत नाही, इथे ठरतो. २०१४मध्ये टाइट एंड (रेषेला खेटून उभा राहणारा, अडवणारा आणि झेलणाराही) जिमी ग्रॅहमने, मी बहुतेक वेळा रिसीव्हरच्या जागी उभा राहतो, असे लवादापुढे मांडले. त्या वर्षासाठी टाइट एंड ठरल्यास सुमारे ७० लाख डॉलर आणि रिसीव्हर ठरल्यास सुमारे १ कोटी २३ लाख, एवढा फरक होता. लवादाने त्याला टाइट एंड ठरवले. एका जुन्या शब्दाने माणसाचे पन्नास लाख डॉलर गेले आणि आपण आडनावांच्या गोष्टी सांगता!

सत्त्याहत्तर:
पगाराच्या या नियमांवर लीग आणि खेळाडूंची संघटना अशा दोन्ही बाजूंनी सही झालेला करार होता. त्याच्या संघानेच त्याची नोंद टाइट एंड म्हणून केली होती. शब्दाला दोष देऊ नका.

सिंगल विंग:
नोंद कोणी केली हा प्रश्नच नाही. ज्याने झेल घेतले त्याला विचारले का?

डेट्रॉइटकर:
करार राहू द्या, नियम पाळणाऱ्यांचे काय होते ते पाहा. ३० डिसेंबर २०२३, डॅलस. आमच्या ६८ने, टेलर डेकरने, झेल घेण्यासाठी पंचाकडे नोंद केल्याचे स्वतः सांगितले. पंचांनी ७०चे नाव पुकारले. दोन गुणांचा झेल रद्द झाला आणि आम्ही २०-१९ असे हरलो. ज्या व्यवस्थेत पंचालाच ६८ आणि ७० वेगळे काढता येत नाहीत, तिचे गोडवे माझ्यासमोर गाऊ नका.

रेषेपलीकडे:
ती चूक पुकारणाऱ्याची, क्रमांकांची नव्हे. मोटली आणि लावेली यांच्यावर अन्याय झाला, एवढे मी मान्य करतो, तेही नाइलाजाने. रिसीव्हरने हवा तो क्रमांक घ्यावा. पण आक्रमणात ५० ते ७९ला नोंद केल्याशिवाय झेल नाही, ही भिंत आजही उभी आहे आणि तिला हात लावू नये. लाइनबॅकरच्या पाठीवरचा ५ मात्र मला कधीच पटणार नाही; सत्त्याहत्तर, आपल्या मुलाचा ८ धरूनही, क्षमा असावी.