भारत १, कतार २ : दोष कुणाचा?

प्रेषक: धंतोली, हल्ली दोहा
१२ जून २०२४

नमस्कार मंडळी,
क्रिकेटच्या धाग्यात फुटबॉल घुसडला म्हणून ओरड झाली, म्हणून हा वेगळा धागा. काल विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या सामन्यात, इथे दोह्याच्या जसिम बिन हमद स्टेडियमवर, आपण हरलो नाही, आपल्याला हरवलं. ७३व्या मिनिटाला फ्री किकवर कतारच्या युसुफ आयमेनचं हेडर आपल्या गोली गुरप्रीतने अडवलं. चेंडू गोलरेषेबाहेर गेला, त्यांच्याच हाश्मी हुसेनने तो पायाने आत ओढला आणि आयमेनने जाळ्यात ढकलला. आपली पोरं हात वर करून उभी, आणि रेफ्री गोल देऊन मोकळा! चेंडू आणि रेषेच्या मध्ये गवत दिसतंय, अजून काय पुरावा हवा?

---

प्रेषक: सक्करदरा, हल्ली डब्लिन

दादा, नुसतं गवत दिसून भागत नाही. २०२२च्या विश्वचषकात जपान-स्पेन सामन्यातही गवत दिसत होतं, तरी गोल टिकला. फुटबॉलचा नियम ९ म्हणतो, चेंडू पूर्णपणे रेषेपलीकडे हवा. चेंडूचा व्यास साधारण २२ सेंमी. जमिनीला टेकतो तो ठिपका मधोमध. म्हणजे ठिपका रेषेच्या बाहेरच्या कडेपासून ११ सेंमी लांब जाईपर्यंत चेंडूचा फुगवटा रेषेवरच असतो. तिरक्या कॅमेऱ्याने हे ठरत नाही, बरोबर रेषेच्या वरून पाहावं लागतं.

---

प्रेषक: कामठी

डब्लिनवाले भाऊ, गणित बरोबर, पण कालच्या चेंडूला ते लावू नका. रिप्लेत तो आख्खाच्या आख्खा बाहेर दिसून राहिला. रेफ्री चुकला, यात वादच नाही.

चुकला काऊन, ते पाहा. मैदान ६८ मीटर रुंद धरलं तर लाइन्समनच्या बाजूचा खांबच त्याच्यापासून ३० मीटर दूर. फ्री किकच्या वेळी तो ऑफसाइडसाठी आपल्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत उभा. हेडर गोलकडे गेलं की त्याने चेंडूसोबत गोलरेषेपर्यंत धावायचं. दोन पावलं मागे राहिला की मधे पडलेला गोली आणि आठ-दहा पाय. त्यात दुसऱ्या फेरीच्या सामन्यांना व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासायची सोय, नाही. कॅमेऱ्याने दिसलं ते फक्त आपल्याला दिसलं.

आता दुसरी बाजू. तो चेंडू गुरप्रीतला लागून बाहेर गेला, म्हणजे बरोबर निर्णय काय? कॉर्नर, आणि तोही कतारचाच. मग हात वर करून काय मिळणार होतं? आमच्या कामठीच्या रब्बानी मैदानावरचं बारा वर्षांचं पोरगंही आधी चेंडू उडवून देते, मग लाइन्समनकडे पाहते.

---

प्रेषक: धंतोली, हल्ली दोहा

म्हणजे आमच्याच पोरांचा दोष? वा! महासंघाने तक्रार केली आहे, सामना पुन्हा खेळवायला काय हरकत?

---

प्रेषक: कामठी

नियम ५ वाचा ना भाऊ. खेळ पुन्हा सुरू झाला की रेफ्रीला स्वतःचा निर्णयही बदलता येत नाही. गोल झाला की नाही, हे त्याचं म्हणणं अंतिम. तक्रारीने चौकशी होईल, गुण वाढणार नाहीत.

आणि गुणांचंच बोलायचं तर मार्चमधली गुवाहाटी काढा. हे शेजारी शेजारी मांडून पाहा:

२६ मार्च, अफगाणिस्तान: ३८व्या मिनिटाला आपण पुढे. ७० आणि ८८ला गोल खाल्ले. १-२.
११ जून, कतार: ३७व्या मिनिटाला छांगतेचा गोल. ७३ आणि ८५ला खाल्ले. १-२.

गुवाहाटीत कोणता चेंडू बाहेर गेला होता?

सहा सामन्यांत आपले ५ गुण, गटात दुसऱ्या जागेवरच्या कुवेतचे ७. या दोनपैकी एकच सामना १-० असा धरून ठेवला असता तरी ८ होऊन आपण पुढच्या फेरीत. दोन्ही बरोबरीत सोडवले असते तर ७-७, पण गोलफरकात कुवेत शून्यावर, आपण उणे दोनवर, म्हणजे घरीच. आणि काल फक्त तो ७३चा गोल रद्द होऊन ८५चा झाला असता तरी १-१, म्हणजे ६ गुण. तरीही घरीच.

---

प्रेषक: सक्करदरा, हल्ली डब्लिन

यात मी भर घालतो. सहा सामन्यांत आपले एकूण गोल तीन: कुवेतमध्ये मनवीरचा, गुवाहाटीत छेत्रीची पेनल्टी, काल छांगतेचा. खाल्ले सात. तीन गोलांवर दुसरी फेरी निघत नाही. कतार आधीच पात्र ठरलेला, काल त्यांचे मुख्य खेळाडू अफिफ नाही, अल्मोएझ अली नाही, बहुतेक तरुण पोरं उतरवलेली. अशा संघासमोर सत्तरीनंतर आपण आपल्याच पेनल्टी पेटीच्या तोंडाशी मागे सरकत गेलो की क्लिअर केलेला प्रत्येक चेंडू त्यांच्याच पायात पडतो, आणि कुणी उशिरा पाय घातला की फ्री किक. ७३चा गोल फ्री किकवरूनच आला ना? मागे सरकायचं प्रशिक्षक स्टिमॅचने सांगितलं की दम संपला, यावर हवं तर भांडू.

---

प्रेषक: धंतोली, हल्ली दोहा

गुवाहाटीचं मान्य. सत्तरीनंतरचंही मान्य. लाइन्समनला मात्र मी सोडत नाही.

---

प्रेषक: यादी सांभाळणारा, सदर

मंडळी, आज रात्री भारत-अमेरिका क्रिकेट आहे, त्याचा धागा वेगळा. तिथे गोलरेषा काढू नका.