वाचनालयात लिनक्स: 'हॅकर लोकांचं' म्हणून नको म्हणायचं का?

आडवाट (देवगड)

आमच्या गावच्या वाचनालयात पाच जुने संगणक आहेत. पोरं शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, बागायतदार सातबारा काढतात, दुपारचा पेपर वाचून झाला की आजोबा मंडळी यूट्यूबवर दशावतार लावतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे फुकट अपडेट बंद झाले. विंडोज ११ ह्या डब्यांवर चढत नाही: त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा हवा. म्हणून मी कार्यकारिणीपुढे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ह्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रस्ताव ठेवला. खजिनदार भाऊंनी एका वाक्यात निकाल लावला, "ते हॅकर लोकांचं असतं, आपल्याला नको."

माझं म्हणणं, भाऊ बरोबर बोलले आणि म्हणूनच ते घ्यावं.

१९८० च्या सुमारास झेरॉक्सनं अमेरिकेतल्या एमआयटी ह्या विद्यापीठाच्या एआय लॅबला एक लेझर प्रिंटर दिला. कागद सारखा अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये तिथल्या रिचर्ड स्टॉलमन ह्या प्रोग्रामरनं स्वतः फेरफार केला होता. कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत असत त्यांच्या स्क्रीनवर निरोप जायचा, मग कोणीतरी उठून तो काढायचं. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा माणसाला वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर, कंपनीनं दिलाच नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो होता, पण त्यानं गुप्ततेचा करार केलेला. समोर बसून नाही म्हणाला. स्टॉलमनच्या डोक्यात ते बसलं. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यानं सगळ्यांना खुली ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएल परवाना आणला: घ्या, वाचा, बदला, वाटा, पण वाटताना पुढच्याचा हाच हक्क मारू नका. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय असं कळवलं, तेही नुसता छंद म्हणून, ग्नूसारखं मोठं काही नाही असं बजावून. तीच लिनक्स. पुढच्या वर्षी तीही जीपीएलखाली आली. २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांत लिनक्सशिवाय दुसरं काही नाही, आणि भाऊंच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे.

ही सगळी माणसं स्वतःला अभिमानानं हॅकर म्हणवत. झाकण उघडून आत बघायचा हक्क मागणारी माणसं. त्यांनी केलेलं आपण का घाबरून टाकायचं?

हिशेबनीस (चिपळूण)

आडवाट, गोष्ट रंगवलीत छान, पण अर्धीच. उरलेली मी सांगतो.

१९८६. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली लॅब. संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला ती शोधायला बसवलं. (आम्ही पंचाहत्तर पैशांसाठी ताळेबंद अडवला की लोक हसतात. हसा!) स्टोलनं कित्येक महिने माग काढला, तो थेट जर्मनीत हॅनोवरला मार्कुस हेसपर्यंत पोचला. हेस आणि त्याचे साथीदार अमेरिकी लष्करी यंत्रांतली माहिती काढून केजीबी ह्या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकत होते. आता गंमत बघा. लॅबच्या यंत्रावर पूर्ण ताबा मिळवायला त्यानं वापरलं काय? मूव्हमेल नावाचा छोटा प्रोग्राम. तो यायचा ग्नू इमॅक्स ह्या मजकूर लिहायच्या प्रोग्रामसोबत. इमॅक्स कोणाचं? तुमच्या स्टॉलमनचं.

दुसरं, २ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस एमआयटीतून एक वर्म, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्राम, सोडतो. हजारो यंत्रं आडवी. कुठली? बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी युनिक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे ज्याचा सोर्स विद्यापीठांत हातोहात फिरत होता तीच. मॉरिसला शिक्षा झाली, आणि पुढे तोच एमआयटीत प्राध्यापक झाला! हे तुमचं खानदान.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या आणि वर म्हणायचं, बघा किती पारदर्शक कारभार. आणि मायक्रोसॉफ्टनं घरगुती यंत्रांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत ठेवली आहे, हे तुम्ही कार्यकारिणीला सांगितलंत का?

सुरंगी (रत्नागिरी, नोकरीनं पुणे)

हिशेबनीस काका, तुमच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण निष्कर्ष पटला नाही. मूव्हमेल त्या लॅबमध्ये नको तेवढे अधिकार देऊन बसवला होता, म्हणून हेसचं फावलं. मॉरिसच्या वर्मनं सेंडमेल ह्या मेल पोचवणाऱ्या प्रोग्राममधली चाचणीसाठी ठेवलेली 'डीबग' वाट वापरली, यंत्रावर कोण आहे ते सांगणाऱ्या फिंगर सेवेत मावणार नाही एवढा मजकूर कोंबला, आणि सोपे पासवर्ड ओळखले. बरं, दुरुस्ती कधी आली? दुसऱ्याच दिवशी, बर्कलीहून. सोर्स हाताशी होता म्हणून ज्याला त्याला आपापल्या यंत्रावर ती लावता आली.

याउलट मे २०१७ चं वॉनाक्राय घ्या, फाइली अडवून खंडणी मागणारं. भोक विंडोजमधलं, सोर्स कुलुपात. ते अमेरिकेच्या एनएसए ह्या गुप्तचर संस्थेला माहीत होतं आणि त्यांनी स्वतःच्या वापरासाठी ते गुपचूप ठेवलं. त्यांचं हत्यार फुटलं आणि ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांची यंत्रं बंद पडली. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण ज्यांनी लावली नाही ते गेले.

झाकून ठेवलं की सुरक्षित, ही समजूत संगणकाच्याही आधीची आहे. अमेरिकेत लांब पल्ल्याचे फोन २६०० हर्ट्झच्या सुरावर चालायचे. लाइन रिकामी आहे हे यंत्रणेला त्या सुरानं कळायचं. जो एन्ग्रेसिया नावाचा जन्मांध मुलगा तो सूर तोंडानं शीळ घालून काढायचा. जॉन ड्रेपर 'कॅप्टन क्रंच' झाला तो नाश्त्याच्या खोक्यातून मिळणाऱ्या खेळण्यातल्या शिट्टीमुळे, कारण तीही तोच सूर द्यायची. आणि नंबर फिरवायला लागणारे बाकीचे सूर? ते बेल ह्या फोन कंपनीनं स्वतःच आपल्या तांत्रिक नियतकालिकात १९६० मध्ये छापले होते. कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन पोरांनी वाचले. ते सूर काढणाऱ्या निळ्या डब्या विकून वॉझनियॅक आणि जॉब्स ह्या जोडीनं पहिले पैसे केले, ॲपल नंतरची. म्हणजे गुपित कंपनीच्या मते गुपित होतं, इतकंच.

बांगडा_फ्राय (मालवण)

तुमचा सगळा वाचलंय. बरा असा. पण माका एकच सांगा, बिघडला तर बघतलो कोण? होडी फुकट गावली म्हणान कोण दर्यात घालता काय? पावसात धा वेळा लाईट जाता, खाऱ्या हवेन रॅमच्या पट्ट्येक गंज धरता, आणि माणूस येवचो कणकवलीसून. तो इलो की विंडोजच जाणता.

आडवाट

बांगडा, तो माणूस येतो तेव्हा काय करतो ते मी शेजारी उभा राहून पाहिलंय. खिशातून पेन ड्राइव्ह काढतो. आधी अँटीव्हायरस बंद करतो, मग ॲक्टिव्हेटर, म्हणजे विकत न घेतलेलं विंडोज खरं भासवणारा प्रोग्राम, चालवतो, त्यासाठी ॲडमिनचा अधिकार देतो, "झाला ओरिजिनल" म्हणतो आणि पैसे घेऊन जातो. त्या ॲक्टिव्हेटरमध्ये काय आहे हे त्यालाही माहीत नाही. हिशेबनीस, जामदारखान्याच्या किल्ल्या कोणाच्या हाती आहेत, आता सांगा. तुमची वाढीव मुदत त्या प्रतीला लागू करायची म्हणता?

नकलेचं हे दुखणं जुनंच. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्सनं छंदी मंडळींना उघड पत्र लिहून आमचं बेसिक (प्रोग्रामिंगच्या भाषेचं सॉफ्टवेअर) फुकट कॉपी करता म्हणून फटकारलं होतं. १९८६ मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंनी आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची नक्कल करणाऱ्यांना पकडायला 'ब्रेन' बनवला, आणि त्या व्हायरसमध्ये स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर घालून ठेवला! लोक फोन करतील म्हणून. एवढा सरळमार्गी व्हायरस पुन्हा झाला नाही.

मुळाक्षर (सावंतवाडी)

माझं डीटीपीचं दुकान आहे, त्यामुळे मी इतिहासात पडत नाही. तुमच्या ग्रंथांची यादी कशात टाइप केली आहे? बहुतेक जुन्या मराठी फॉन्टमध्ये असणार. ती फाइल लिनक्सवर उघडा, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसेल. वार्षिक अहवाल छापायला माझ्याकडेच याल आणि मी विंडोजवरच उघडीन.

सुरंगी

मुळाक्षर दादा, तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही यंत्रावर खिचडीच दिसणार, विंडोज असो नाहीतर फोन. फॉन्टची टीटीएफ फाइल लिनक्सवरही बसते, निदान वाचता येतं. खरं काम ती यादी एकदाची युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत आणणं, म्हणजे 'श्री. ना.' शोधलं की सापडेल. भारतीय भाषांचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये पहिल्यापासून आहे, सेटिंगमध्ये मराठी निवडायची आणि बसायचं.

गुर्जी (दापोली)

निवृत्त शिक्षक आहे. आमची मुलं बारावी झाली की मुंबईची गाडी धरतात. तिथं मुलाखतीत पहिला प्रश्न एक्सेल येतं का. एमएस-सीआयटीतही तेच शिकवतात. तत्त्व शहरातल्या लोकांनी पाळावं, खेड्यातल्या मुलांवर प्रयोग नको.

आडवाट

गुर्जी, केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्सच आहे. तिथली मुलं नोकरीला लागायची थांबली नाहीत. बेरजेचं सूत्र लिनक्सवरच्या फुकट लिब्रेऑफिसमध्ये घाला की एक्सेलमध्ये, तेच असतं.

गुर्जी

केरळनं शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, साहित्य छापलं, मागे सरकार उभं राहिलं. तुमच्या वाचनालयामागे कोण आहे? बांगड्याचा प्रश्न तसाच राहिलाय.

हिशेबनीस

+१ गुर्जी. ॲक्टिव्हेटरवाल्याची बाजू मी घेत नाही, तो चोरच. पण सुरंगीताई, 'सगळ्यांना दिसतं म्हणून सुरक्षित' ह्याचं २०१४ मध्ये काय झालं? हार्टब्लीड. ओपनएसएसएल, म्हणजे बँकांपासून मेलपर्यंत जगाचं कुलूप. चूक दोन वर्षं उघड्यावर पडून होती, सोर्स सगळ्यांसमोर. वाचला कोणी? अब्जावधींच्या कंपन्या ते फुकट वापरत होत्या आणि प्रकल्पाला देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर. आमच्या पालखीची वर्गणी जास्त जमते. त्याच वर्षी बॅश ह्या लिनक्सवर आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममधलं शेलशॉक नावाचं भोक निघालं, ते तर १९८९ पासूनचं.

आणि २०२४ चं एक्सझेड! फाइली दाबून लहान करणारा प्रोग्राम, सांभाळायला एकटा दमलेला माणूस. 'जिया टॅन' नावानं कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ गोड बोलून मदत केली, विश्वास कमावला, इतर अनोळखी नावांनी त्या माणसावर दबाव आणला, आणि शेवटी सूत्रं हाती येताच मागचं दार बसवलं. तो जिया टॅन कोण, हे अजून बाहेर आलेलं नाही. मोफतच्या कारभाराचं हेच होतं.

सुरंगी

एक्सझेड कसं पकडलं गेलं तेही सांगा ना! आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएचनं, म्हणजे लांबच्या यंत्रात शिरायच्या प्रोग्रामनं, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. साधारण माणूस चहा ढवळत बसला असता. हा खणत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्यानं सगळं जाहीर केलं, बहुतेक सर्व्हरवर ते पोचायच्या आत. तो मायक्रोसॉफ्टचा नोकर, हा आणखी एक विनोद. झाकलेल्या प्रोग्राममध्ये तो अर्धा सेकंद दिसला असता, पण त्याच्या मागे जाता आलं नसतं.

मात्र आडवाट, तुमच्याही बाजूनं मी पूर्ण नाही. युनिक्सच्या दोघा जनकांपैकी केन थॉम्प्सननं ट्यूरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं होतं की सोर्स स्वच्छ असला तरी तो यंत्रभाषेत नेणारा कंपायलरच फितूर असेल तर वाचून काही सापडणार नाही. ते भाषण १९८४ मध्ये छापून आलं. तेव्हा 'उघडं आहे' ह्यावर विसंबून राहू नका. बाहेरच्यांसाठी वेगळं पाहुणा खातं करा, बंद केलं की पुसलं जाईल असं. ॲडमिनचा पासवर्ड दोघांकडेच. अपडेट आपोआप. आणि खजिनदार भाऊंच्या टॅलीच्या यंत्राला हात लावू नका, टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. पहिल्याच दिवशी त्यांचा हिशेब अडला तर पुढची दहा वर्षं लिनक्सचं नाव काढता येणार नाही.

बांगडा_फ्राय

मी आयटीआयचो. शिकवशात तर शिकतंय. शनिवारी सांच्याक येतंय देवगडाक, एक मशीन घालून बघूया. सोलकडी व्हयी.

हिशेबनीस

बांगडा, तुझं कौतुक आहे. पण एकट्याच्या फावल्या शनिवारवर सगळं टाकायचं, एक्सझेडमध्ये ह्याहून वेगळं काय झालं होतं? आडवाट, ठरावात दुसरं नाव कोणाचं घालताय ते लिहा. आणि देखभालीच्या खात्यात शून्य दाखवू नका.