माळरान पावसाने ठरवलं की कुऱ्हाडीने?

कुसळी:
सातारा जिल्ह्यातल्या आमच्या माण तालुक्यातल्या गावात ग्रामसभेत ठरलंय, गावामागच्या माळावर पाच हजार झाडं लावायची. मी एकटाच उठून "नको" म्हणालो. तेव्हापासून गावात मी झाडांचा वैरी!

माझं म्हणणं साधं आहे. तो माळ म्हणजे मेलेलं जंगल नाही. पाऊसच तेवढा, म्हणून तिथे गवत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, आमच्या दहिवडीकडे, पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात, आमच्याकडे येतो नुसता वारा. वर अंजनी, जांभूळ, शेकरू. खाली कुसळी गवत, हेंकळ आणि तरवडाची झुडपं, चिंकारा, लांडगा. ही वाटणी कुणा माणसाने केलेली नाही.

देवराईवाला:
नाही पटलं. साडेपाच हजार विरुद्ध पाचशे असे दोन टोकांचे आकडे घेतले तर कुणीही वाद जिंकेल. मग देवराया कुठून आल्या ते सांगा. दुष्काळी भागात मी स्वतः बघितलंय, देवळाभोवती दाट झाडी आणि दहा पावलांवर बोडका माळ. पाऊस दोन्हीकडे तोच. देवाच्या धाकाने एकीकडे कुऱ्हाड पडली नाही, एवढाच फरक. शेकडो वर्षं चराई, सरपण, कोळसा, वणवे. त्यातून जे उरलं त्याला तुम्ही "नैसर्गिक" म्हणताय.

कुसळी:
ती देवराई ओढ्याकाठी होती का? नीट आठवून सांगा.

देवराईवाला:
होती, ओढ्याकाठीच. पण म्हणून सगळा मुद्दा ओढ्यात वाहून जात नाही.

पानगळ:
वनस्पतिशास्त्र शिकवतो म्हणून मधे पडतो. दोघंही वर्षाच्या बेरजेला धरून बसलात. झाडाला बेरीज कळत नाही, कोरडे महिने कळतात. केरळच्या दक्षिणेला महाबळेश्वरपेक्षा कमी पाऊस असलेल्या जागीही सदाहरित झाडांच्या जाती कितीतरी जास्त, कारण तिथे कोरडे महिने दोन-तीन. आपल्याकडे सात-आठ. चार महिने धो धो आणि मग पुढच्या जूनपर्यंत ठणठणाट.

आता माळाचं. आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशांचा एक मोठा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यात ढोबळ सीमा निघाली वर्षाला साधारण 650 मिलिमीटर पावसाची. त्याखाली पाणीच झाडांना दाटू देत नाही. त्यावर झाडं दाटू शकतात, पण आग आणि चरणारी जनावरं त्यांना रोखून धरतात. आफ्रिकेचा आकडा जसाच्या तसा इथे चिकटवू नये, तरी त्या हिशेबाने माण-खटाव खाली पडतं आणि कुसळींचं बरोबर ठरतं. पश्चिमेकडे सरकलात की देवराईवाल्यांच्या म्हणण्यात दम आहे.

पण सगळंच गवत कुऱ्हाडीने आणलं म्हणू नका. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतल्या जुन्या मातीतल्या कार्बनवरून दिसतं की उष्ण हवेत जोमाने वाढणारी गवतं तिथे सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वी पसरली. तेव्हा कुऱ्हाड कुणाच्या हातात होती?

पलीकडचा काकाकुवा:
हवामानाला तुम्ही फारच मोठा मान देताय. इंडोनेशियातल्या बाली आणि लोम्बोक बेटांमध्ये जेमतेम 35 किलोमीटरची सामुद्रधुनी. हवा जवळपास सारखी. तरी इंग्रज निसर्गअभ्यासक वॉलेस 1856 साली बालीहून लोम्बोकला गेला तर तिथे काकाकुवे, बालीत नाहीत. मधलं पाणी खोल. हिमयुगात समुद्र उतरला तेव्हाही ते आटलं नाही, ही खरी गोष्ट. आपला फड्या निवडुंग घ्या. मूळचा अमेरिकेतला. इथली हवा त्याला आधीपासूनच मानवणारी होती, पण माणसाने आणेपर्यंत तो इथे नव्हता. ती कोरडी जागा आपल्या चिकाच्या निवडुंगांनी धरली होती. दिसायला भाऊ, कूळ वेगळं.

शिवाय हवामानाचे जे नकाशे आपण पुरावा म्हणून दाखवतो, ते हवामानशास्त्रज्ञ कोपेनने वनस्पती बघूनच आखले होते. मग नकाशा वनस्पतींशी जुळतो यात नवल ते काय?

आणि माळढोक? सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. पाऊस तोच आहे, पक्षी गेल्यात जमा.

कुसळी:
कोपेनचा टोला लागला. पण माळढोक माझ्याच बाजूने बोलतो. त्याला उघडा माळ लागतो, आणि आपण दप्तरी त्याला "पडीक" लिहून विहिरी, ऊस, विजेच्या तारा आणि रोपवनं घातली. फड्याचंही तेच. पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया बघा, तोही बाहेरचा. जगतो, हिरवा दिसतो, खाली गवत येत नाही. झाड जगलं म्हणजे ती जागा त्याची होती असं नाही.

देवराईवाला:
ग्लिरिसिडियाला माझाही विरोध आहे, त्यात मला ओढू नका. मी हिवर, बोर, बाभळीबद्दल बोलतोय. ती माळावर विरळ उगवतातच. चराई दहा वर्षं थांबवा आणि किती दाटतात बघा. मेंढपाळ नाराज होतील, म्हणून हा प्रयोग कुणी करत नाही.

कुसळी:
मेंढपाळांनी काय घोडं मारलंय? ओढ्याच्या कडेला आणि बांधावर हिवर, करंज लावा, मी स्वतः खड्डे खणतो. माळ सोडा. पण रविवारी जेसीबी येतोय.

पानगळ:
पाच हजार खड्ड्यांआधी एक खणून बघितलाय का? माती किती आहे?

कुसळी:
बघितलाय. वीतभर मुरूम, खाली काळा पाषाण.