माठाचा वेळ चाकावर मोजू नये
चाकावर मडके दहा मिनिटांत उतरते, मग माठाला एवढी किंमत कशासाठी, हा प्रश्न चाकापुरता रास्त आहे; परंतु दोऱ्याने कापून उतरवलेला तो आकार म्हणजे माठ नव्हे, कारण त्याच्या भिंती जाड असतात आणि बूड बहुधा घडलेलेच नसते. आमच्या कोल्हापुरात बापट कॅम्पला एक कुंभारकाका आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने तो आकार थापटताना मी पाहिले आहेत. थापी चिकटू नये म्हणून मधूनमधून राख भुरभुरत. हे काम एका बैठकीत उरकत नाही, कारण ओल जास्त असली तर भिंत बसते आणि कमी असली तर तडकते.

पुढची सुकवण सावलीत, सावकाश. मी हौसेने केलेली साधी पणती दुपारभर उन्हात ठेवली, तर संध्याकाळी तिचे दोन तुकडे हाती आले! भट्टीतही घाई चालत नाही: मातीतील गारगोटीचा अंश ५७३ अंश सेल्सिअसला तापताना एकाएकी फुगतो आणि निवताना तसाच आकसतो, म्हणून आच विझल्यानंतरही भट्टी लगेच उघडत नाहीत.