उन्हाळी लोकसंगीत शिबिर: जावे की न जावे?

सी-302: नमस्कार. मे महिन्याच्या अखेरीस सातारा जिल्ह्यात प्रौढांसाठी आठ दिवसांचे निवासी लोकसंगीत शिबिर आहे. पोवाडा, गोंधळ आणि भारूड शिकवणार आहेत. माझे वय 46 असून शाळेतल्या समूहगीतानंतर मी कधी गायलेली नाही. बी-104 चे काका गेल्या वर्षी अशाच एका शिबिराला गेले होते. काका, माझ्यासारखीने जावे का?

बी-104: ताई, जरूर जावे, मात्र शाहीर होण्यासाठी नव्हे, झीलकरी होण्यासाठी जावे. शाहीर कथा सांगत पुढे जातो आणि मागचे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत त्याच्या कडव्याचा शेवट उचलतात, हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. पण झील क्षणभर उशिरा आली तर शाहिराला दम घ्यायला जागा उरत नाही आणि लवकर आली तर त्याचा शेवटचा शब्द झाकला जातो, हे मला वयाच्या 61 व्या वर्षी प्रत्यक्ष उभे राहिल्यावरच समजले. पहिले तीन दिवस माझ्या हाती फक्त तुणतुणे होते. त्याला एकच तार असते, त्यामुळे काम सोपे वाटते. परंतु शाहीर आवेशात आला की आपलाही हात नकळत धावू लागतो, आणि तो आवरणे हाच तिथला खरा अभ्यास होता. चौथ्या दिवशी आम्हाला शिवकालीन शाहीर अज्ञानदासांच्या अफझलखान वधाच्या पोवाड्यातील काही कडवी मिळाली. 1659 च्या त्या प्रसंगाची हकीगत लहानपणापासून पाठ होती, तरी डफाच्या थापेवर ती दहा जणांनी मिळून म्हटली तेव्हा अंगावर काटा आला.

ए-501: काका, हे चित्रफिती पाहून घरी शिकता येणार नाही का? शिवाय ऐन उन्हाळ्यात आठ दिवस बाहेर राहणे कठीण वाटते.

बी-104: चाल घरी पाठ होईल, झील होणार नाही, कारण ती समोरच्या माणसाच्या श्वासाकडे पाहून उचलावी लागते. उन्हाचा त्रास होतो, हे खरे आहे. दुपारी आम्ही आडवे होत असू आणि सराव पहाटे व रात्री चाले. पण चामड्याच्या वाद्यांना हीच हवा मानवते. आपल्याकडच्या दमट हवेत माझा डफ सैल पडतो आणि शेकल्याशिवाय नीट बोलत नाही. तिथे तो दिवसभर खणखणीत वाजत होता. यात्रा-जत्रांचा हंगाम ओसरल्यामुळे जाणत्या कलावंतांनाही याच दिवसांत सवड मिळते.

डी-403: मला एका गोष्टीचा संकोच वाटतो. आमच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालण्याचा कुलाचार आहे. तो शिबिरात करमणूक म्हणून शिकवावा का?

बी-104: वहिनी, आपला संकोच मला योग्य वाटतो. आम्हाला शिकवायला आलेले गोंधळी पिढीजात होते. त्यांनी संबळाचे, म्हणजे गोंधळातल्या जोडवाद्याचे, बोल शिकवले, देवीच्या पूजेच्या चौकाची मांडणी समजावून सांगितली, पण दिवटी, म्हणजे देवीची मशाल, पेटवली नाही. 'कोल्हापूरची अंबाबाई, गोंधळाला ये' हे देवीला दिलेले आवतण आहे, ते सरावासाठी देऊ नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. माझी तक्रार वेगळी आहे: आयोजकांनी आठ दिवसांत इतके प्रकार कोंबले होते की संबळाच्या वाट्याला एकच सकाळ आली. म्हणून ताई, अर्ज भरण्यापूर्वी कोण शिकवणार आहे, प्रत्येक प्रकाराला किती दिवस दिले आहेत आणि शुल्कातून शिकवणाऱ्या कलावंतांना मानधन किती मिळणार आहे, हे तिन्ही प्रश्न फोन करून विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर मी त्या शिबिराला जाणार नाही.

सी-302: काका, आताच फोन केला. पोवाड्यासाठी पाच दिवस आहेत, आणि मानधनाचा आकडा त्यांनी विचारताच सांगितला. मी अर्ज भरत आहे. डफ विकत घ्यावा लागेल का?

बी-104: घेऊ नका. रविवारी सकाळी येऊन माझा घेऊन जा. जाताना तो गाडीच्या डिकीत ठेवू नका, तिथल्या उष्णतेने चामडे तडकते. कापडात गुंडाळून मांडीवर ठेवा.