डिंग मेस्त्रींवर हसायचं की नाही?

खिडकीतली_सीट
चिनी लेखक मो यानची १९९९ची एक लांबलचक कथा वाचली, चिनी येत नाही म्हणून इंग्रजीतून. डिंग नावाचा मेस्त्री, शेती अवजारांच्या सरकारी कारखान्यात ४३ वर्षं घासलेली, आदर्श कामगार वगैरे, आणि रिटायरमेंटला एक महिना राहिला असताना त्याला घरी बसवतात. उपमहापौर येऊन हात हातात घेतो, काही अडचण आली तर सरळ माझ्याकडे या म्हणतो (पुढचं ओळखलंच असेल). मग स्मशानाजवळ तळ्याकाठी पडलेला बसचा सांगाडा साफसूफ करून म्हातारा तो जोडप्यांना तासावर भाड्याने द्यायला लागतो. इथपर्यंत मीही हसलो, नंतर राग आला. कारखाना बुडवला कोणी ते राहिलं बाजूला आणि फजिती सगळी त्याची, ज्याच्यात ओरडायचीही ताकद नाही. ह्याला ब्लॅक ह्यूमर म्हणून आपण टाळ्या पिटतो.

निमाताई_नागपूर
साफ असहमत. संडासाचा भाग नीट वाचला नाहीत का? शिष्य डिंगला समजावतो की पैसे भरायचे संडास निघाले म्हणून तर आपल्यासारख्यांना असल्या चकाचक ठिकाणी जाता आलं, नाहीतर स्वप्नातही नशिबात नव्हतं. आता सांगा, टर कोणाची उडवली? डिंगची? अख्ख्या बाजारू सुधारणेची वाट लावलीय तिथे, तीही संडासात.

जुना_खोका
ताईंना +१. त्याचं पूर्ण नाव डिंग शिकौ, शि म्हणजे दहा आणि कौ म्हणजे तोंड. चिनी लिपीत तोंडाच्या चौकोनात दहाची खूण बसवली की 'शेत' होतं, म्हणजे बापाने नावातच जमीन देऊन ठेवली होती, खाऊनपिऊन सुखी! आणि त्या काळात, १९९८ ते २००१ धरा, सरकारी कंपन्यांतून अडीच कोटींवर माणसं बाहेर पडली, पण त्यांना बेकार म्हणायचं नाही, 'श्यागांग' म्हणायचं, म्हणजे जागेवरून खाली उतरलेले. जसं काही बसमधूनच उतरले. सरकारच असले विनोद करत असेल तर लेखकाने काय करावं?

गिरणगावकर_धाकटा
माझे वडील ८२च्या संपात घरी बसले ते परत मिलमध्ये गेलेच नाहीत. किस्से आमच्याकडेही होते, पण ते स्वतः सांगायचे म्हणून आम्ही हसायचो. बाहेरच्या कोणी तेच रंगवून सांगितलं असतं तर मी उठून कानाखाली दिली असती. धागाकर्त्याशी सहमत.

निमाताई_नागपूर
दादा, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, पण मो यान कुठला बाहेरचा हो? शेतकऱ्याचं पोर, शाळा पाचवीतच सुटली, गुरं राखली, सैन्यात जायच्या आधी कापसाच्या कारखान्यात कामाला होता.

पोहे_विदाउट_शेंगदाणे
सांगणारा कोण, हा दादांचा मुद्दा भारी आहे, म्हणून जुन्या चिनी लेखक लू शुनच्या 'खोंग यीची' कथेची आठवण झाली. १९१९ची छोटीशी गोष्ट, गुत्त्यातला पोऱ्या सांगतो. खोंग शिकलेला पण परीक्षेत नापास, अंगात पंडिताचा लांब झगा पण दारू प्यायची मजुरांसारखी उभ्याने, आणि तो आला की सगळा गुत्ता हसणार. चोरीपायी पाय मोडले जातात, मग दिसेनासाच होतो, मालकाला आठवण एवढीच की १९ नाणी येणं आहे. आता गंमत बघा, २०२३ला नोकरी न मिळालेली चिनी पदवीधर पोरं स्वतःलाच खोंग यीची म्हणवून घ्यायला लागली, की डिग्रीचा झगा उतरवताही येईना आणि घालून फिरताही येईना. सरकारी टीव्हीने उलट त्यांनाच शहाणपण शिकवलं. जूनमध्ये शहरांतल्या १६ ते २४ वयाच्यांची बेकारी २१.३ टक्के निघाली आणि ऑगस्टमध्ये तो आकडा छापणंच थांबवलं. म्हणजे गुत्त्यातलं हसू शेवटी ज्याचं होतं त्यानेच मागून घेतलं की.

गिरणगावकर_धाकटा
हे पटलं, थोडंसं. पण पोरंही हसली ती स्वतःवरच ना? मालकावर कोण हसणार?

खिडकीतली_सीट
तेच तर म्हणतोय मी. शेवट सांगून टाकतो, ज्यांना वाचायचीय त्यांनी पुढे जा. एक जोडपं बसमध्ये शिरतं आणि बाहेरच येत नाही. आत जीव दिला असणार ह्या भीतीने म्हातारा थंडीत धावाधाव करून शिष्याला आणि पोलिसाला घेऊन येतो, उघडतात तर आत कोणीच नाही, आणि शिष्य म्हणतो काय, शिफू (म्हणजे उस्ताद), तुम्ही दिवसेंदिवस विनोदी होत चाललाय! कथेचं चिनी नावही तेच. मी ह्या शिष्यावर चिडलोय की लेखकावर, हे आता माझं मलाच कळेनासं झालंय. परत वाचतो.

जुना_खोका
वाचा. ह्यावेळी संडास गाळू नका.