'वॉलप' या शब्दाचा अर्थ आणि त्याचे मूळ

प्रश्न (कोथरूड)

नमस्कार. माझी मुलगी नववीत शिकते. वाचनालयातून आणलेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकातील आई मुलाला 'वॉलप' देण्याची तंबी देते, तेव्हा मी तिला त्याचा अर्थ 'रट्टा' असा सांगितला. तिच्या शिकवणीच्या सरांनी मात्र हा शब्द सर जॉन वॉलप या इंग्रज नौसेनानीच्या नावावरून आल्याचे सांगितले. फ्रेंचांनी ब्रायटन जाळले, तेव्हा आठव्या हेन्रीच्या आज्ञेवरून त्याने १५१४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील गावे जाळून सूड उगवला होता. ही व्युत्पत्ती खरी मानावी काय?

प्रतिसाद १

स्वारी खरी आहे, व्युत्पत्ती मात्र नाही. 'जोराने मारणे' हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नोंदलेला आढळतो. स्वारीनंतरची तीनशे वर्षे तो कोठे होता, हे त्या कथेतून कळत नाही. शिवाय हा शब्द त्या सेनानीहून जुना आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'वॉलप' म्हणजे घोड्याने चौखूर धावणे. उत्तर फ्रान्सच्या बोलीत ज्या शब्दांच्या आरंभीचा 'व' टिकला, त्यांत मध्य फ्रान्सकडे 'ग' आला, आणि इंग्रजीने पुष्कळदा दोन्ही रूपे घेतली. म्हणून 'वॉलप' आणि 'गॅलप' ही सख्खी भावंडे ठरतात. लक्ष्मी रस्त्यावर मिक्सर घेताना आपण ज्या 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी'ची चौकशी करतो, ती जोडीही अशीच जन्मली. मला तरी ही हकिकत नौसेनानीच्या कथेपेक्षा कितीतरी सुंदर वाटते.

पुढे सोळाव्या शतकात या शब्दाला 'खळखळा उकळणे' हा अर्थ आला. त्यातील उसळी, आदळआपट आणि आवाज यांतूनच तो मारण्यापर्यंत पोहोचला असावा. काही कोशकार मात्र मारण्याचा अर्थ स्वतंत्रपणे, ध्वनीवरून आल्याचे मानतात.

प्रतिसाद २

उकळण्याच्या अर्थाला एक चांगला पुरावा आहे. १८३२ च्या सुधारणा कायद्यापूर्वी इंग्लंडच्या काही नगरांत स्वतःच्या चुलीवर स्वतःचे भांडे उकळवणाऱ्या पुरुषाला मताधिकार असे, आणि त्याला 'पॉटवॉलपर' म्हणत.

क्रियेचे नाव मारहाणीला मिळणे आपल्याला नवे नाही. मावळात भाताच्या पेंढ्या आपटून दाणे पाडतात, ती झोडणी. त्याच धातूवरून आपण माणसालाही झोडतो, आणि पाऊस तर आपल्याला झोडपतोच. 'धोपटणे' आधी कपड्यांचे, मग पोरांचे.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. मग 'रट्टा' हा अर्थ योग्य आहे ना?

प्रतिसाद १

त्या वाक्यात अगदी योग्य आहे, कारण 'वॉलप' म्हणजे हलकी चापटी नव्हे, तर दणदणीत फटका. क्रियापद असेल तेथे 'बदडणे' किंवा 'चोपणे' घ्यावे. आणि एखाद्या संघाने दुसऱ्याला 'वॉलप' केले असे वाचाल, तेव्हा 'धुव्वा उडवला' असे म्हणावे.